घोट्यापाशी उभं राहून

ड्रॅगन डोक्यावर घिरट्या घालत होता आणि आमच्यातला एक जण चहा टाकायला उठला. 'माझा टर्न आला की हाक मार,' म्हणाला. आतून आलं किसल्याचा आवाज येत होता आणि बाहेर मी वजाबाकी करत होते. 'लागला. सतरा.' ५४६ मधून १७ गेले, ५२९. 'लागला. अकरा.' ५१८. वाण्याच्या वहीतली उधारी फिटत जावी तसा ड्रॅगन कमी होत होता. जेमतेम १२ उरले होते तेव्हाही तो ५४६ असताना जसा उडत होता तसाच उडत होता. मग कोणाचा तरी फासा बरा पडला, वही बंद झाली आणि ड्रॅगन मेला. 'मेला का? बरं,' असं म्हणत आतून चहाचा ट्रे आला.

ही पुस्तिका त्या दुपारची भरपाई आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर. जग त्याचं, त्यातले गावकरी त्याचे, राक्षसही त्याचेच. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कीर्तनात बुवांना मध्येच अडवून श्रोत्यांनी 'मी आता दारामागे लपतो' म्हणावं आणि बुवांनी कथा तिथून पुढे न्यावी, असा काहीसा प्रकार. जिथे निकाल कोणाच्याच हातात नसतो तिथे फासा टाकायचा. या खेळांचं मूळ मानलं जाणारं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत काढलं. नावातच ड्रॅगन आहे. आणि पन्नास वर्षांनंतरही त्या ड्रॅगनशी लढताना लोक चहा टाकायला उठतात, हे माझं दुःख.

त्या दुपारचा हिशेब नंतर मांडून पाहिला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या सर्वांत वृद्ध लाल ड्रॅगनला ५४६ हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसायचे गुण, आहेत. आमचे चौघे मिळून एका फेरीत साठेक पॉइंट उतरवत होते, म्हणजे नऊ-दहा फेऱ्या. नियमाप्रमाणे एक फेरी सहा सेकंदांची. खेळातल्या जगात ती लढाई मिनिटभरात संपली होती, आमच्या टेबलावर अडीच तास चालली. ज्या मिनिटात माणसाला श्वास घ्यायची फुरसत नसावी, त्याला आम्ही पोस्टाच्या रांगेची कळा आणली होती.

पहिला राग अर्थात हिट पॉइंटवर निघाला. पण त्यांची जन्मकथा वाचली आणि राग जरा निवळला. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आधी, १९७१ मध्ये, गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा 'चेनमेल' हा युद्धखेळ आला होता. त्यात शिपायाला एक घाव बसला की तो संपला. आर्नेसनच्या खेळाडूंना आपली पात्रं अशी पटकन मेलेली आवडेनात. म्हणून घाव सोसायची ताकद आकड्यात मोजण्याची कल्पना त्याने उचलली, आणि ती अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळावरून घेतल्याचं तो सांगत असे. म्हणजे हे आकडे मुळात जहाजाचे! जहाजाचं एक बरं असतं, ते भागाभागाने मोडतं. सुकाणू गेलं की ते गोल फिरायला लागतं, बॉयलर फुटला की जागच्या जागी थांबतं, एका बाजूच्या तोफा गप्प झाल्या की त्या बाजूने जवळ जाता येतं. जहाजाचे आकडे आपण माणसाला लावले, मग माणसाचे ड्रॅगनला, आणि या प्रवासात सुकाणू आणि बॉयलर कुठेतरी गळून पडले. उरली नुसती बेरीज.

आकडा वाढवला की आकार वाढतो हा आपला सर्वांत जुना भ्रम. याच खेळात 'टॅरास्क' नावाचा महाराक्षस आहे. फ्रान्समधल्या तारास्कों गावाच्या दंतकथेतला हा प्राणी. तिथल्या लोककथेत संत मार्थेने त्याला माणसाळवलं. २०१४ च्या पुस्तकात तो पन्नास फूट उंच आहे आणि त्याला ६७६ हिट पॉइंट आहेत. आता टेबलावरच्या चौकटींच्या मॅटवर बघा. एक चौकट पाच फुटांची. सगळ्यात अवाढव्य प्राण्याला चार बाय चार चौकटी. आमचा तलवारबाज त्या सोळा चौकटींच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, 'मी मारतो.' अरे बाबा, कशाला मारतोस? हात वर करून तलवार आठ फुटांपर्यंत पोचेल, नऊ म्हण. पन्नास फुटी जनावराचा तिथे घोटा असतो. घोट्याला खरचटवून खरचटवून तुम्ही पन्नास फुटांचा प्राणी मारलात, आणि त्याला एकदाही पाय उचलावासा वाटला नाही?

या पुस्तिकेचं सगळं सांगणं त्या घोट्यापाशी सुरू होतं. महाकाय प्राण्याशी माणसाची बरोबरीची लढाई होतच नाही. तो आपल्यासाठी आधी एक जागा असतो, डोंगराच्या कड्यासारखी किंवा पूर आलेल्या नदीसारखी. आणि नंतर, नशीब असेल तर, एक जनावर. जवळ कसं जायचं, धरून कसं राहायचं आणि सुटायचं कसं, या तीन कामांत लढाई असते. घाव घालणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम.

आकाराचं गणित इथे थोडं कामाला येतं. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दोन हाडांचं चित्र काढलं आहे, एक साधं आणि एक तिप्पट लांबीचं. तेच काम करायचं तर ते दुसरं हाड किती बेढब जाड व्हावं लागेल ते दाखवणारं. सहा फुटी माणूस दसपट केला तर वजन हजारपट होतं, हाडाचा छेद मात्र शंभरपटच. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. सत्तर किलोचा माणूस सत्तर टनांचा होतो आणि पहिल्या पावलाला मांडी मोडून बसतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये 'ऑन बीइंग द राइट साइज' या निबंधात हेच फार मिस्कीलपणे मांडलं. खोल खाणीत पडलेला उंदीर अंग झटकून चालू लागतो आणि माणूस मरतो, हे त्यांचं उदाहरण मी प्रत्येक नव्या गेम मास्टरला ऐकवते.

राक्षसच नको असा याचा अर्थ नाही. साठ फुटी राक्षस चालायचा असेल तर खुशाल चालू दे, जादूचं जग आहे. पण त्या गणितातून दोन गोष्टी उसन्या घ्या: मोठ्या प्राण्याला वळायला वेळ लागतो, आणि पडणं परवडत नाही. हत्तीला उडी मारता येत नाही. त्याच्या ढांगेहून रुंद, उभ्या भिंतींचा चर खणला की एवढं मोठं जनावर काठावर उभं राहून विचार करत बसतं. हे पुस्तकी नाही. कर्नाटकातून दोडामार्ग, चंदगड, आजरा भागात उतरलेल्या हत्तींमुळे तिथल्या शेतकऱ्यांना हे धडे नको असताना मिळाले आहेत. त्यांना विचारा हत्तीशी 'लढाई' कशी होते. डबे वाजवायचे, फटाके लावायचे, मशाली धरायच्या आणि तो कोणीकडे निघेल याचा अंदाज बांधून त्या वाटेवर माणूस ठेवायचा नाही. सकाळी बघावं तर केळीची बाग आडवी, माड मोडलेला आणि भातखाचरात परातीएवढे खड्डे.

त्या खड्ड्यांतही माहिती असते. हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर मोजायचा आणि दुप्पट करायचा. ढोबळमानाने ती त्याची खांद्यापर्यंतची उंची. गेल्या वर्षी मी हा आडाखा खेळात वापरला. राक्षस दाखवलाच नाही. नदीकाठच्या चिखलात एक ठसा, त्यात साचलेलं पाणी, पाण्यात बेडूक. आमच्यातल्या एकीने तिच्या पात्राच्या पोतडीतला दोर काढून घेर मोजला. मी म्हणाले, 'पंधरा फूट.' मागच्या मोहिमेत एका माहुताने तिला दुप्पटीचा आडाखा सांगितला होता. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, 'तीस. नुसत्या खांद्याला.' त्या दिवशी चहा टाकायला कोणी उठलं नाही, आणि अजून एकही फासा पडला नव्हता.

महाकाय शत्रूशी माणसं खरोखर कशी लढली हे पाहायचं तर इतिहासात हत्ती आहेतच. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या हत्तींपुढे अलेक्झांडरच्या पायदळाने माहुतांवर नेम धरले, कुऱ्हाडींनी पाय तोडले, आणि बिथरलेले हत्ती आपपर न बघता तुडवत सुटले. झामाच्या लढाईत रोमन सेनापती स्किपिओने सैन्याच्या रांगांमध्ये मोकळ्या गल्ल्याच ठेवल्या; धावत सुटलेला हत्ती समोर वाट दिसली की वाटेनेच जातो. आपल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे बघितले असतील. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत. दार बांधणाऱ्याने हत्तीला मारायचा विचारच केला नाही. त्याला कपाळ टेकवू द्यायचं नाही, एवढाच हिशेब. आणि इ.स.पू. १६२ च्या सुमाराची एलाझार या यहुदी वीराची कथा: शत्रूच्या हत्तीच्या पोटाखाली शिरून त्याने भाला खुपसला, हत्ती मेला, आणि त्याच्याच अंगावर पडला. किती हिट पॉइंट उतरवले हो त्याने? सगळे. आणि तरीही हरला.

पण माझा खरा गुरुग्रंथ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली देवमाशांची शिकार. त्या धंद्याबद्दल मला प्रेम नाही. तेलासाठी केलेली ती कत्तलच. लढाई म्हणून मात्र तिच्याइतकं शिकवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. अठ्ठावीसेक फुटांची वल्ह्याची होडी, सहा माणसं. वल्ही मारणाऱ्यांची पाठ देवमाशाकडे असते, कारण वल्हं मारायचंच तसं. मागे सुकाणूच्या वल्ह्यावर उभा असलेला अधिकारी तेवढा समोर बघतो. म्हणजे पाच जण एका राक्षसाकडे जिवाच्या आकांताने निघालेत आणि तो किती जवळ आला हे त्यांना फक्त एकाच्या चेहऱ्यावरून कळतंय. हे वाचल्यावर मी टेबलावर एक प्रयोग केला. राक्षसाचं वर्णन एकाच खेळाडूच्या कानात सांगितलं आणि बाकीच्यांना म्हटलं, याच्या तोंडाकडे बघा.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. हार्पून मारण्यासाठी नसतोच. तो गुंतवण्यासाठी असतो. हार्पून रुतला की दोर सुटतो, होडीतल्या खुंटाला वेढा घेऊन इतक्या वेगाने धावतो की जळू नये म्हणून त्यावर पाणी ओतत राहावं लागतं, आणि एक कुऱ्हाड हाताशी ठेवलेली असते, कारण मासा खोल गेला तर दोर तोडणं हाच जगण्याचा मार्ग. मग मासा होडीला फरपटत नेतो. दरम्यान हार्पूनवाला आणि अधिकारी त्या हिंदकळत्या होडीत एकमेकांच्या जागा बदलतात. मासा दमला की दोर ओढत त्याला भिडायचं आणि लांब पात्याचा भाला फुप्फुसापर्यंत घालायचा. फवाऱ्यातून रक्त आलं की ताबडतोब मागे हटायचं, कारण मरतानाची त्याची तडफड सगळ्यात घातक. आता यात 'मी मारतो, सतरा' कुठे बसतं सांगा. हार्पून लागला तेव्हा माशाचं काहीच कमी झालं नाही, पण लढाईचं रूप पार बदललं. आता तुम्ही त्याला बांधलेले आहात.

याच धंद्यातलं 'एसेक्स' जहाज २० नोव्हेंबर १८२० रोजी प्रशांत महासागरात एका देवमाशाने धडका देऊन बुडवलं. पहिल्या धडकेनंतर मासा जहाजाला लागूनच पडला होता. ओवेन चेस या अधिकाऱ्याला त्याच्यावर भाला टाकता आला असता. पण माशाची शेपटी सुकाणूजवळ होती. घाव बसून त्याने शेपटी आपटली तर सुकाणू जाईल आणि जमीन तर हजारो मैल दूर. चेसने हात आवरला. मासा लांब गेला, वळला आणि पुन्हा आला. वीस जणांपैकी आठ वाचले. लागणार का, यापेक्षा लागल्यावर काय होईल याची भीती मोठी असते. असा एक क्षण खेळाडूला देता आला तर शंभर हिट पॉइंट त्यावरून ओवाळून टाकावेत.

वेळेबद्दल थोडं. १९५४ च्या जपानी 'गॉडझिला'मध्ये रबरी पोशाखात माणूसच होता. पोशाखातली दृश्यं जास्त वेगाने चित्रित करून पडद्यावर संथ दाखवली, म्हणून ते धूड जड वाटलं. मोठेपणा डोळ्यांना वेळेतून कळतो. शेपटी फिरायला लागली हे एका फेरीत सांगा आणि ती आदळू दे पुढच्या फेरीत. मधल्या सहा सेकंदांत काय करायचं ते खेळाडूंना ठरवू दे. कोणी वाकेल, कोणी पळेल, एखादा वेडा तिच्यावरच उडी मारेल. अंगावर चढण्याचा पर्यायी नियम २०१४ च्या गेम मास्टरच्या पुस्तकात आहे, पण तो कोणाला सांगितलेला मी तरी ऐकलेला नाही.

आणि आपल्या कथांना हे सगळं आधीपासून ठाऊक आहे, याची मला जरा उशिराच आठवण झाली. वाल्मीकींचा कुंभकर्ण वानरांना तोंडात टाकतो आणि ते त्याच्या नाकाकानातून बाहेर पडतात. राम आधी त्याचा एक हात तोडतो आणि तो नुसता हात पडतो त्याखाली वानर चिरडतात. मग दुसरा हात, पाय आणि शेवटी शिर. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक टप्प्याला रणांगण बदलतं. घटोत्कच तर मरता मरता देह वाढवतो आणि कौरवांच्या सैन्यावर पडून अख्खी अक्षौहिणी खाली घेतो. असं मरण ज्या राक्षसाला दिलं त्याच्या शेवटच्या पॉइंटलाही टेबल टेकून बसत नाही.

इथे माझी एक फजिती सांगायला हवी, नाहीतर वाचणारे माझ्याच वाटेने खड्ड्यात जातील. हे सगळं वाचून झाल्यावर मी उत्साहाच्या भरात ड्रॅगनच्या शरीराचे बावीस भाग केले. प्रत्येकाचं चिलखत वेगळं, प्रत्येकाचे पॉइंट वेगळे, रक्तस्रावाचा तक्ता, तोल जाण्याचा तक्ता, पंख फाटल्यावर उंची कमी होण्याचा तक्ता. अवयवांचे नियम नवे नाहीत. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये कोणत्या अवयवाला घाव लागला हे फाशावरच ठरतं, आणि माणसामाणसांत ते छान चालतं. माझ्या ड्रॅगनने मात्र चार तासांत दोनदा पंख हलवले. एका खेळाडूने निघताना विचारलं, 'ताई, पुढच्या वेळी सीए घेऊन येऊ का?' म्हणून या पुस्तिकेत तक्ते जवळजवळ नाहीत. राक्षस बेतताना मी आता त्याचे तीनच भाग लिहिते, ज्याने तो हलतो, ज्याने त्याला कळतं आणि ज्याने तो मारतो. त्यातलं एक निकामी झालं की त्याचं वागणं बदलतं. बस. पॉइंट ठेवा हवे तर, पण थोडे. 'डंजन वर्ल्ड'मधल्या ड्रॅगनला अवघे सोळा आहेत आणि त्याला टेबलावरचे लोक भितात, कारण त्या सोळांपर्यंत पोचायचं कसं हाच सगळा खेळ असतो.

उलट टोकही पाहून ठेवा. १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये खुद्द क्थुलू हा महाराक्षस समोर आला की दर फेरीला एक ते तीन माणसं उचलून नेतो. नेम नाही, बचाव नाही, एक छोटासा फासा आणि तेवढी माणसं गेली. हा नियम नव्हेच, ही पाटी आहे: इथून पळा. 'माउसरिटर' या उंदरांच्या खेळात एकट्या उंदराचा वार टोळीच्या मापाच्या शत्रूला लागूच शकत नाही. फौज तरी उभारा, नाहीतर डोकं चालवा. मला हा खेळ फार आवडतो, कारण त्यात राक्षस म्हणजे आपल्या जिन्यावर झोपणारी मांजर.

मिनिएचरचं म्हणाल तर महागड्या मूर्ती आम्ही बंद केल्या. माझा ड्रॅगन म्हणजे पोळपाट आणि लाटणं. पोळपाट ही पाठ, लाटणं ही मान. खेळाडूंच्या सोंगट्या पोळपाटावर चढतात, लाटण्यावरून घसरतात. पोळपाट तिरका केला की ज्याने 'मी धरून राहतो' असं आधी सांगितलेलं नाही त्याची सोंगटी खरोखरच टेबलाखाली जाते. या नियमावर दोनदा भांडणं झाली आहेत आणि मी तो बदललेला नाही.

पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण मेलेल्या राक्षसाबद्दल आहे. ते आधी नव्हतं. ठशाचा घेर मोजलेला तो प्राणी आमच्या खेळाडूंनी शेवटी मारला, मोठ्या हुशारीने, नदीच्या पात्रात पाय अडकवून. जल्लोष झाला, सोनं वाटून झालं. पुढच्या रविवारी मी सुरुवात केली ती गावच्या पाटलीणबाईंच्या तोंडून: 'शूर आहात, देव तुमचं भलं करो. पण आमचं पिण्याचं पाणी त्याच्या खालच्या अंगाला आहे. हे उचलणार कोण?' पन्नासेक टन मांस, उन्हाळ्याचे दिवस, वरून घारी. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मघाच्या त्या दोरवालीने वही पुढे ओढली आणि विचारलं, 'गावात बैलजोड्या किती आहेत?'